शहराला शेतांची सीमा घालू पाहणारा लघुलेखक : सर एबेनेझर हॉवर्ड

१ मे हा दिवस महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. १९२८ मध्ये याच तारखेला इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी या नव्या नगरात सर एबेनेझर हॉवर्ड यांचे वयाच्या ७८ व्या वर्षी निधन झाले. ते वास्तुविशारद नव्हते, अभियंता नव्हते आणि सरकारी अधिकारीही नव्हते. ब्रिटिश संसदेतील भाषणे लघुलिपीत टिपून घेणे हा त्यांचा उपजीविकेचा व्यवसाय होता. तरीही पसरत्या शहरांनी भोवतालची शेतजमीन गिळू नये यासाठी आज जगभर जे उपाय सुचवले जातात, त्यांतील अनेकांची पहिली सुसूत्र मांडणी या लघुलेखकाने १८९८ मध्ये केली होती. त्या मांडणीचा गाभा मात्र झाडे आणि बागा हा नव्हता. जमीन कोणाच्या मालकीची असावी आणि तिच्या वाढत्या किमतीचा लाभ कोणाला मिळावा, हा तो गाभा होता.

हॉवर्ड यांचा जन्म २९ जानेवारी १८५० रोजी लंडनच्या फोर स्ट्रीट भागात झाला. त्यांचे वडील मिठाईचे दुकानदार होते. बालपणीच त्यांना शिक्षणासाठी लंडनबाहेरच्या लहान गावांतील निवासी शाळांमध्ये ठेवण्यात आले. त्यामुळे महानगराचा गजबजाट आणि ग्रामीण परिसराची शांतता यांची ओळख त्यांना लहान वयातच झाली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते कारकुनीस लागले. लघुलिपी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. पुढील आयुष्यभर हेच कौशल्य त्यांच्या चरितार्थाचा आधार ठरले.

१८७१ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, दोन मित्रांसह ते अमेरिकेला गेले. नेब्रास्का राज्यात त्यांनी १६० एकर जमीन घेऊन शेती करण्याचा प्रयत्न केला. शहरात वाढलेल्या या तरुणाला शेती साधली नाही आणि थोड्याच काळात त्यांनी शिकागोचा रस्ता धरला. १८७१ च्या भीषण अग्निकांडात भस्मसात झालेले ते शहर तेव्हा नव्याने उभे राहत होते. न्यायालयातील कामकाजाचे लघुलेखन करीत हॉवर्ड यांनी तेथे चार वर्षे काढली. शहर हे दैवाने मिळालेले नसून माणसांच्या निर्णयांतून घडते, हे त्यांना तेथे जवळून पाहता आले.

१८७६ मध्ये ते लंडनला परतले आणि संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत तयार करणाऱ्या गर्नी या पेढीत काम करू लागले. संसदेतील चर्चा आणि समित्यांपुढील साक्षी शब्दशः टिपताना त्या काळातील दोन मोठे प्रश्न त्यांच्या कानावर सतत पडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे १० लाख लोकसंख्या असलेले लंडन शतकाच्या अखेरीस उपनगरांसह ६५ लाखांच्या घरात पोहोचले होते. एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे, धुराने काळवंडलेली हवा आणि दरवर्षी वाढणारी घरभाडी हे त्या महानगराचे वास्तव होते. दुसरीकडे, अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे इंग्लंडमधील शेती कोलमडली होती आणि गावे ओस पडत होती. गाव सोडून आलेला शेतमजूर शहराच्या गर्दीत भर घालत होता. हॉवर्ड यांना हे दोन प्रश्न वेगळे वाटले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती एकाच दुखण्याची दोन लक्षणे होती.

याच काळात त्यांच्या वाचनाची दिशा ठरत गेली. अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांनी जमिनीच्या वाढत्या मूल्यावर समाजाचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले होते. एडवर्ड बेलमी यांच्या १८८८ च्या कादंबरीने सहकारावर उभ्या असलेल्या समाजाचे चित्र रंगवले होते. या विचारांतील जे व्यवहारात उतरवता येईल तेवढेच हॉवर्ड यांनी वेचले. क्रांती किंवा जप्ती त्यांना नको होती. कायद्याच्या चौकटीत, बाजारभावाने जमीन विकत घेऊन आणि कर्जाची परतफेड करून काय साधता येईल, याचा हिशेब ते रात्री घरी बसून मांडत राहिले.

हा हिशेब ऑक्टोबर १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. प्रकाशनासाठी ५० पौंडांची मदत एका मित्राने केली. १९०२ मध्ये किरकोळ बदलांसह आणि नव्या नावाने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. उद्याननगराची कल्पना जगभर पोहोचली ती या आवृत्तीमुळे. पुस्तकातील एका आकृतीत तीन लोहचुंबक दाखवले होते. पहिला शहराचा, दुसरा खेड्याचा आणि तिसरा या दोहोंतील चांगले एकत्र आणणाऱ्या नव्या नगराचा. माणसे कोणत्या चुंबकाकडे ओढली जातील, हा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला होता.

योजनेचे आकडे स्पष्ट होते. एकूण ६,००० एकर जमीन घ्यायची आणि त्यांपैकी केवळ १,००० एकरांवर नगर वसवायचे. उरलेली ५,००० एकर जमीन शेती, कुरणे, फळबागा आणि वनांसाठी कायमची राखून ठेवायची. नगरात ३०,००० आणि शेतीच्या पट्ट्यात २,००० अशी ३२,००० माणसांची वस्ती असावी. कारखाने नगराच्या कडेला, रेल्वेमार्गालगत असावेत. कामगाराला घरापासून कामावर पायी जाता यावे. भोवतालच्या शेतकऱ्याला दूध, भाजी आणि फळे यांसाठी हाकेच्या अंतरावर बाजारपेठ मिळावी. नगरातील टाकाऊ पदार्थ खत म्हणून पुन्हा शेतात जावेत. शेतीचा हा पट्टा म्हणजे पुढील बांधकामासाठी मोकळी ठेवलेली जागा नव्हती, तर नगराच्या रचनेचा तो अविभाज्य भाग होता.

नगर भरले की काय करायचे, याचेही उत्तर पुस्तकात होते. भोवतालच्या शेतांवर इमारती चढवायच्या नाहीत. पट्ट्याच्या पलीकडे दुसरे नगर वसवायचे आणि ते रेल्वेने पहिल्याशी जोडायचे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे उदाहरण त्यांनी दिले होते. तेथे मूळ शहर भरल्यावर भोवतालची मोकळी जमीन ओलांडून उत्तर ॲडलेडची वस्ती उभी राहिली होती. अशा अनेक नगरांचा मिळून अडीच लाख लोकांचा समूह तयार होईल आणि तरीही प्रत्येकाच्या घरापासून शेते जवळच राहतील, अशी त्यांची कल्पना होती.

या सर्व रचनेचा आधार जमिनीच्या मालकीत होता. शेतजमिनीच्या भावाने घेतलेल्या जागेवर नगर उभे राहिले की तिचे मूल्य कितीतरी पटींनी वाढते. एरवी ही वाढ जमीनमालकाच्या किंवा सट्टेबाजाच्या पदरात पडते. हॉवर्ड यांच्या योजनेत संपूर्ण जमीन विश्वस्तांकडे राहणार होती आणि रहिवासी, कारखानदार व शेतकरी हे भाडेपट्टेदार असणार होते. मिळणाऱ्या भाड्यातून प्रथम कर्जावरील व्याज आणि मुद्दल फेडायचे, रस्ते, शाळा व पाणीपुरवठ्याचा खर्च भागवायचा आणि कर्ज फिटल्यावर तोच पैसा वृद्धांच्या निवृत्तिवेतनासारख्या लोकोपयोगी कामांकडे वळवायचा. शेत विकून झटपट नफा मिळवण्याची वाटच बंद असल्याने शेतीचा पट्टा टिकून राहील, असे हे साधे गणित होते.

अनेकांनी ही योजना स्वप्नाळू म्हणून हसण्यावारी नेली. हॉवर्ड मात्र गावोगावी व्याख्याने देत फिरले. जून १८९९ मध्ये गार्डन सिटी असोसिएशनची स्थापना झाली. १९०३ मध्ये फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड ही कंपनी उभी राहिली आणि तिने लंडनच्या उत्तरेस सुमारे ५५ किलोमीटरवर, हर्टफोर्डशायर परगण्यातील लेचवर्थ येथे ३,८१८ एकर जमीन विकत घेतली. भागधारकांच्या लाभांशावर ५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. ९ ऑक्टोबर १९०३ रोजी अर्ल ग्रे यांच्या हस्ते प्रकल्पाचे औपचारिक उद्घाटन झाले. नगराचा आराखडा रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर या वास्तुविशारदांनी तयार केला.

प्रत्यक्ष उभारणीत कल्पनेला मुरड घालावी लागली. मर्यादित लाभांशावर पैसा गुंतवणारे थोडे होते, त्यामुळे भांडवल संथ गतीने जमले आणि भागधारकांना पहिल्या लाभांशासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. ठरावीक काळाने भाडे वाढवण्याची अट कारखानदारांना मान्य नसल्याने ९९ वर्षांचे ठरावीक भाड्याचे पट्टे द्यावे लागले. परिणामी जमिनीच्या वाढत्या मूल्याचा समाजाला मिळणारा वाटा घटला. नगर आणि शेती यांचे प्रमाण एकास पाच राहिले नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश नगर आणि दोन तृतीयांश ग्रामीण पट्टा अशी विभागणी झाली. विश्वस्तांची संपूर्ण सत्ताही आली नाही. निर्णय कंपनीच्या संचालकांच्या हाती राहिले. तरीही पट्टा राखला गेला आणि नगर वाढू लागले.

याच काळात हॉवर्ड यांच्यावर वैयक्तिक आघात झाला. १८७९ मध्ये विवाह झाल्यापासून त्यांच्या धडपडीला साथ देणाऱ्या पत्नी एलिझाबेथ यांचे नोव्हेंबर १९०४ मध्ये निधन झाले. तुटपुंज्या उत्पन्नात संसार सांभाळताना त्यांनी लेचवर्थमधील घराची वाट पाहिली होती, पण तेथे राहायला जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. लेचवर्थमधील पहिल्या सार्वजनिक इमारतींपैकी एका सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने घरबांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा नवी नगरे सरकारने वसवावीत असा आग्रह हॉवर्ड यांच्या तरुण सहकाऱ्यांनी धरला. सरकारची वाट पाहत बसण्यास हॉवर्ड तयार नव्हते. मे १९१९ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, लंडनपासून सुमारे ३२ किलोमीटरवर लिलावात निघालेली १,४५८ एकर जमीन त्यांनी बोली लावून घेतली. तिच्या इसाऱ्याइतकी रक्कमही त्यांच्यापाशी नव्हती. ती उसनवारीने उभी करावी लागली. सहकाऱ्यांनी डोक्याला हात लावला, पण १९२० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि वास्तुविशारद लुई द स्वासों यांच्या आराखड्यानुसार वेल्विन गार्डन सिटी आकाराला आली.

हॉवर्ड स्वभावाने साधे होते. यंत्रांची त्यांना आवड होती. लघुलेखनाचे यंत्र तयार करण्याच्या प्रयत्नांत त्यांनी आयुष्यातील बराच वेळ आणि पैसा खर्च केला. एस्पेरांतो या जागतिक भाषेचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. नगररचनेतून त्यांनी संपत्ती मिळवली नाही. १९२७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन लेचवर्थ येथे करण्यात आले.

त्यांच्या पश्चात ब्रिटनने त्यांच्या विचाराचे दोन तुकडे स्वीकारले. १९३८ च्या कायद्याने लंडनभोवती हरितपट्टा राखण्याची तरतूद झाली. १९४६ च्या कायद्यानुसार सरकारने नवी नगरे वसवली. त्यांतील पहिले स्टीव्हनेज हे लेचवर्थपासून जवळच आहे. मात्र सर्वाधिक प्रसार झाला तो केवळ नावाचा. बागा असलेल्या बंगल्यांच्या वसाहतींना सर्रास गार्डन सिटी म्हटले जाऊ लागले. त्यांत रोजगार नव्हता, शेतीचा पट्टा नव्हता आणि जमिनीची सामायिक मालकीही नव्हती. अशा वसाहतींनी नेमकी तीच शेते व्यापली, जी वाचवण्यासाठी हॉवर्ड यांनी लेखणी उचलली होती.

मालकीचा प्रश्न किती निर्णायक आहे, हे लेचवर्थनेच पुढे दाखवून दिले. १९६० मध्ये एका खासगी कंपनीने फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेडवर ताबा मिळवला, तेव्हा नगराची सारी मिळकत नफ्यासाठी विकली जाण्याची भीती निर्माण झाली. रहिवाशांनी आणि स्थानिक संस्थांनी संघर्ष केला. १९६२ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून ही मिळकत सार्वजनिक महामंडळाकडे सोपवली आणि १९९५ मध्ये ती लेचवर्थच्या वारसा प्रतिष्ठानकडे आली. या मिळकतीचे उत्पन्न आजही नगरासाठीच खर्च होते.

भारताशीही या चळवळीचा संबंध आला. तिच्या प्रभावाखाली ब्रिटनमध्ये १९०९ चा नगररचना कायदा झाला आणि त्यानंतर सहा वर्षांनी मुंबई प्रांताचा १९१५ चा नगररचना कायदा आला. स्वातंत्र्यानंतर चंदीगड वसवताना भोवतालच्या शेतीचे रक्षण करण्यासाठी १९५२ मध्ये परिघ नियंत्रणाचा कायदा करण्यात आला. राजधानीभोवतीचा आठ किलोमीटरचा पट्टा त्याच्या कक्षेत होता आणि पुढे तो सोळा किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आला. परंतु पंजाबच्या विभाजनानंतर याच पट्ट्यात मोहाली आणि पंचकुला ही शहरे उभी राहिली. कायद्याने बांधकामाला बंदी घातली होती. जमिनीच्या वाढत्या भावातील वाटा मात्र पट्ट्यातील शेतकऱ्याला दिला नव्हता. कुंपणाच्या आत कोटी आणि बाहेर कवडी असा भाव असेल, तर शेतकऱ्याने शेत राखावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी ठरते.

हा अन्याय टाळूनही शेत वाचवता येते, हे हॉवर्ड यांचे म्हणणे होते. त्यासाठी शहराच्या समृद्धीतील वाटा शहराभोवतीच्या जमिनीपर्यंत पोहोचावा लागतो. आपल्या महानगरांच्या वेशीवर दररोज बिगरशेती होणाऱ्या जमिनीचा हिशेब मांडताना, हरितपट्ट्याच्या नकाशातील रंगापेक्षा त्या हिशेबाकडेच आधी पाहावे लागेल. संसदेतील इतरांचे शब्द टिपता टिपता या लघुलेखकाने तो सव्वाशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.