डॉ. होमी भाभा : हाती घेतलेले पुरे करून धरलेली वाट

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीचा चरित्रपरिचय करून देण्याचा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही डॉ. होमी जहांगीर भाभा यांची निवड केली आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. मुंबईतील एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. परंतु सद्गुण जेथे आढळेल तेथून घ्यावा, हीच थोरांची शिकवण आहे. भारतातील अणुसंशोधनाचे प्रवर्तक म्हणून त्यांची कीर्ती आपल्या मुलामुलींनाही पाठ्यपुस्तकांतून ठाऊक असते. आम्हांस येथे विशेष सांगावयाचे आहे ते त्यांच्या विद्यार्थिदशेतील एका प्रसंगाविषयी.

त्यास कारणही आहे. आपल्या गुणगौरव समारंभास येणाऱ्या पालकांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी आम्हांस बाजूला घेऊन एकच चिंता बोलून दाखवितात. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे आणि आता हे शिक्षण नको म्हणतो. मुलगी वाणिज्य शाखेची दोन वर्षे पुरी करून मानसशास्त्राकडे वळू पाहते. फी भरून झाली, प्रसंगी कर्जही काढून झाले; आता होकार द्यावा की नकार? या प्रश्नाला छापील उत्तर नाही. मात्र भाभा कुटुंबाने तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

होमी भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईस झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे विलायतेत शिकून आलेले कायदेपंडित, तर आजोबा होर्मसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे उच्चाधिकारी होते. घरात ग्रंथसंग्रह विपुल होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रकलेची आवड होती. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी असल्याने उद्योगधंद्याच्या मोठमोठ्या योजनांची चर्चा या मुलाच्या कानी लहानपणापासून पडत असे. कॅथेड्रल शाळेतील शिक्षण संपल्यावर एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे काही काळ शिकून 1927 साली ते केंब्रिज येथील गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले.

त्यांनी घेतलेला विषय होता यंत्र-अभियांत्रिकी. निवड अर्थातच वडीलधाऱ्यांची होती. शिक्षण पुरे करून मुलाने परत यावे व जमशेटपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात जबाबदारीची जागा सांभाळावी, अशी वडिलांची व सर दोराबजींची योजना होती. या योजनेत दोष काढण्यास कोठेही जागा नव्हती. देशाला पोलादाची गरज होती, काम मानाचे होते आणि जागा जणू राखून ठेवलेली होती. आपल्यापैकी कोणता पिता याहून निराळे चिंतिता?

परंतु केंब्रिजचे वातावरणच त्या काळी काही और होते. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लॉर्ड रदरफर्ड अणूच्या अंतरंगाचा शोध घेत होते. 1928 साली पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसंबंधीचे आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. भौतिकशास्त्राची पायाभूत तत्त्वेच नव्याने रचली जात होती, आणि ती रचणारी माणसे त्याच गावात वावरत होती. तरुण होमींचे मन यंत्रशाळेत रमेना. त्याच 1928 साली त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपले मन मोकळे केले. धंदा अथवा अभियंत्याची नोकरी आपल्या प्रकृतीस मानवणारी नाही, भौतिकशास्त्र हेच आपले कार्यक्षेत्र आहे आणि तेथेच आपल्या हातून काही भरीव घडेल, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रात अदब होती, पण संदिग्धता नव्हती.

आता जहांगीरजींपुढील पेच ध्यानात घ्या. मुलाचा अभ्यासक्रम निम्म्याच्या आसपास आलेला. तो सोडावा तर झालेला खर्च व गेलेला काळ पदवीवाचून वाया जाणार. मुलाचे वय जेमतेम एकोणीस. या वयातील ओढ किती टिकेल, याची हमी कोण देणार? उलट साफ नकार द्यावा, तर मुलगा मन मारून पदवी घेईल, कारखान्यातही जाईल, पण त्याच्या ठायी असलेले तेज तेथे प्रकटेलच असे नाही. शिवाय मुलगा सातासमुद्रापलीकडे. समोर बसवून चार गोष्टी विचाराव्यात, तर तीही सोय नाही.

जहांगीरजींनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी एक अट घातली. केंब्रिजमध्ये पदवी-परीक्षेस ट्रायपॉस म्हणतात. होमींनी यंत्रशास्त्राची ट्रायपॉस प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हावी. तसे झाल्यास पुढे गणिताच्या ट्रायपॉससाठी केंब्रिजमध्ये राहण्याचा खर्च आपण करू, असे त्यांनी कळविले.

या अटीचे मर्म आम्हांस असे वाटते की, तीत दोघांनीही काही पत्करले होते. मुलाने न आवडणारा अभ्यास उत्तम रीतीने पुरा करण्याचे पत्करले. वडिलांनी आणखी दोन वर्षांचा खर्च व स्वतःच्या योजनेवर पाणी सोडण्याची तयारी पत्करली. त्यातच मुलाच्या ओढीची कसोटीही होती. जी आवड केवळ कंटाळ्यातून उपजते, ती दोन वर्षे नावडत्या विषयात प्रथम वर्गासाठी झटत नाही. जी खरी असते, ती झटते.

होमी झटले. जून 1930 मध्ये ते यंत्रशास्त्राच्या परीक्षेत प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. वडिलांनी शब्द पाळला. 1932 साली होमींनी गणिताची ट्रायपॉसही प्रथम वर्गात दिली. या काळात डिरॅक यांच्यासारख्या गुरूचा त्यांना लाभ झाला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, गणिताचा अभ्यास चालू असतानाच 1931-32 या वर्षी त्यांना सॉलोमन्स शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती अभियांत्रिकीची होती! मागे टाकलेल्या विद्येने पुढच्या वाटेवर शिदोरी पुरविली, ती अशी. 1932 मध्ये गणिताची राऊझ बॉल प्रवास-शिष्यवृत्ती मिळून त्यांना युरोपात जाता आले. झुरिच येथे पाउली व रोम येथे फर्मी या थोर शास्त्रज्ञांच्या सान्निध्यात त्यांनी काम केले. 1933 साली विश्वकिरणांसंबंधीचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला, 1934 साली आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती मिळाली व 1935 मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

पुढील यशाची कथा सुपरिचित आहे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांनी केलेले गणित आजही जगभर भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. 1937 साली वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. 1939 साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात, त्यांनी काम सुरू केले. 1941 साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

मार्च 1944 मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीस पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची योजना मांडली, आणि 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे जन्मास आली. वर्षअखेरीस ती मुंबईस, पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. ज्या दोराबजींच्या कारखान्यात होमींनी जावे अशी योजना होती, त्यांच्याच नावाच्या निधीतून ही संस्था उभी राहिली. टाटांच्या कार्यात मुलाने सहभागी व्हावे, ही वडीलधाऱ्यांची इच्छा अशा निराळ्या मार्गाने पुरी झाली, असेच म्हणावे लागेल.

1948 साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व त्याचे अध्यक्षपद भाभांकडे आले. 1954 साली तुर्भे येथील केंद्राचा आरंभ झाला आणि 4 ऑगस्ट 1956 रोजी तेथील अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली होय. इंधन ब्रिटनमधून आले, परंतु भट्टी आपल्याच लोकांनी उभारली. येथे केवळ समीकरणे जाणणारा पंडित पुरा पडला नसता. टाकी, पंप, नियंत्रणयंत्रणा, इमारत यांची भाषा जाणणारा, अभियंत्यांशी अभियंत्याप्रमाणे बोलणारा पुढारी तेथे हवा होता. 1957 साली त्यांनी तुर्भे येथे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, त्यातही विज्ञान व अभियांत्रिकी या दोन्ही शाखांच्या तरुणांना स्थान होते. केंब्रिजमधील ती पहिली तीन वर्षे वाया गेली, असे आता कोण म्हणेल?

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्ना येथील बैठकीस जात असता आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून डॉ. भाभांचा अंत झाला. वय अवघे छप्पन्न होते. 1967 साली तुर्भे येथील केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

हे चरित्र वाचून कोणी म्हणेल की, भाभांच्या घरी लक्ष्मी नांदत होती. आमच्या घरी आणखी दोन वर्षांची फी कोठून आणावी? आक्षेप रास्त आहे आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. जो पिता कर्जाचे हप्ते फेडीत आहे, त्याने जहांगीरजींप्रमाणे खर्चाची हमी द्यावी, असे सांगणे निर्दयपणाचे होईल. प्रथम वर्गाची अटही सर्वांस लागू पडणारी नाही. होमींसारखी बुद्धी शेकड्यांतही विरळा. शिवाय एखाद्या मुलास चालू अभ्यासक्रमाचा इतका जाच होत असेल की त्याच्या प्रकृतीवर परिणाम व्हावा, तर तेथे पदवीचा आग्रह धरू नये, तत्काळ थांबावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिळविलेले श्रेयांक जमा ठेवून अभ्यासक्रम बदलण्यास वाव ठेवला आहे. तोही आपल्या महाविद्यालयात चौकशी करून पाहावा.

परंतु पैसा वजा केला तरी या प्रसंगातून काही उरतेच. मुलाने मनातील गोष्ट नापास होऊन कळविली नाही, वेळीच पत्राने कळविली. वडिलांनी ते पत्र उद्धटपणा मानले नाही, विचार करून उत्तर दिले. अट घातली ती मुलाच्या आवाक्यातील होती, आणि ती पुरी होताच शब्द फिरविला नाही. आपल्या घरी अट निराळी असू शकेल. चालू वर्षाचे सर्व विषय सुटावेत, एवढीच ती असेल. अथवा पदवी हाती घेऊन वर्षभर नोकरी करावी व त्या मिळकतीतून नव्या शिक्षणाचा काही भार उचलावा, अशी असेल. मात्र ती घालताना मुलाचा विचार मोडून काढणे हा हेतू नसावा. त्याचे खरेखोटेपण पाहणे हा असावा. मुले हा फरक तत्काळ ओळखतात.

आपल्या ज्ञातीतील ज्या घरांतून आज हा प्रश्न उभा असेल, तेथे पितापुत्रांनी अथवा मातापित्यांनी व कन्येने एका संध्याकाळी शांतपणे एकत्र बसावे आणि एकमेकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.