मायकेल फॅरडे : विजेचा हिशेब मांडणारा लोहारपुत्र

जीवाणूंना वीज पुरवून त्यांच्याकडून रसायने तयार करवून घेण्याचे प्रयोग आज प्रयोगशाळांत चालू आहेत. त्या विजेचा हिशेब ज्यांच्या नावाने मांडला जातो, त्या मायकेल फॅरडे यांचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे एका लोहाराच्या घरी मायकेलचा जन्म झाला. वडील आजारी असत, घरात ओढाताण असे. लिहिणे, वाचणे आणि अंकगणित एवढ्यावर शाळा संपली. चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रीबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकू लागला आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याला तेथेच भेटला. रीबो यांनी त्याला अडवले नाही. म्हणून वर्गात आम्ही त्यांचे नाव आवर्जून घेतो.

१८१२ साली एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर मायकेलने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली. टिपणे स्वच्छ उतरवून, त्यांचा ग्रंथ स्वहस्ते बांधून त्याने तो डेव्हींकडे पाठवला. मार्च १८१३ मध्ये तेथेच साहाय्यकाची नोकरी मिळाली. त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर युरोपचा प्रवास घडला. परंतु डेव्हींच्या खासगी नोकराने येण्यास नकार दिल्यामुळे त्याची कामे फॅरडे यांच्या वाट्यास आली. लेडी डेव्ही तर त्यांना नोकर म्हणूनच वागवीत. पुढे १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले, ते अध्यक्ष डेव्हींचा विरोध असताना. डेव्ही स्वतः लाकडावर कोरीव काम करणाऱ्याचे पुत्र होते, हे आठवले की आम्हांस अधिक वाईट वाटते.

१८३१ मधील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध सर्वांस ठाऊक आहे. आमच्या विषयाला जवळचे आहे ते १८३३-३४ मधील काम. द्रावणातून जितकी वीज जाईल तितक्याच प्रमाणात पदार्थ वेगळा होतो. वीज दुप्पट, तर पदार्थही दुप्पट. उच्च गणित न शिकलेल्या माणसाने हा नियम केवळ काटेकोर मोजमापातून सिद्ध केला. धनाग्र, ऋणाग्र आणि आयन यांची मूळ इंग्रजी नावे त्यांनी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने रूढ केली.

शेवानेला नावाचा जीवाणू स्वभावतः आपले इलेक्ट्रॉन शरीराबाहेर सोपवतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांत फेरबदल करून हा ओघ उलटा फिरवला आणि ऋणाग्राकडून मिळालेल्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर त्याच्याकडून ॲसिटोइनचे ब्युटेनडायॉल करवून घेतले. अशा प्रयोगात शंभर इलेक्ट्रॉन दिले आणि त्यांतील ऐंशीच इष्ट रसायनात उतरले, तर फॅरडे कार्यक्षमता ८० टक्के धरतात.

फॅरडे यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी बांधलेला तो टिपणांचा ग्रंथ रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपून ठेवला आहे.