पक्ष्यांसाठी आयुष्य वेचणारे सलीम अली बंदूक घेऊन का फिरायचे?

सलीम अलींचा हातात बंदूक असलेला जुना फोटो सोशल मीडियावर आला की खाली भांडण ठरलेलं. एक जण म्हणतो, हे कसले पक्षीमित्र? दुसरा म्हणतो, फोटोच खोटा आहे.

तर बंदूक खरी होती. त्यांनी पक्षी मारले हेही खरं. पण ते का आणि कसे मारले हे कळायला आधी एक छोटी वस्तू समजून घ्यावी लागते. ती वस्तू म्हणजे काडतूस.

सलीम अलींचा जन्म मुंबईतला, 12 नोव्हेंबर 1896 चा. आई-वडील अगदी लहानपणी गेले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. मामा पक्के शिकारी. भाच्याच्या हातात छर्ऱ्याची एअरगन आली आणि घराभोवतालच्या चिमण्यांचं काही खरं राहिलं नाही.

दहा-अकरा वर्षांच्या सलीमने तबेल्याजवळच्या घरट्यावरचा एक चिमणा टिपला. घरट्यातली मादी थोड्याच वेळात दुसरा जोडीदार घेऊन आली. त्याने तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर गेले, आणि प्रत्येक वेळी जागा भरायला नवा नर हजर. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण हे सगळं त्या पोराने वहीत लिहून ठेवलं. खूप वर्षांनी तीच नोंद पक्षीनिरीक्षकांच्या वार्तापत्रात छापली गेली.

पुढे एक वेगळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालते का, असा घरात प्रश्न आला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं ओळखलं आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. पोरगा तिथेच अडकला.

नंतरचा रस्ता मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशात घरच्या वोल्फ्रामच्या धंद्यात हात घातला, तो बसला. 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड म्हणून लागले, मग बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले. 1930 मध्ये परत आले तर म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून ते पदच गेलेलं. जगातल्या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकून आलेला माणूस बेकार.

मग त्यांनी एक प्रस्ताव मांडला. पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, संस्थानांमधल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो. पहिलं मोठं काम मिळालं निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं, 1931-32 मध्ये. मानवत, परभणी, औरंगाबाद असा आपला सगळा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तंबू, सामान, स्वयंपाक हा संसार तेहमिना सांभाळायच्या.

अशा पाहणीत पक्षी मारावाच लागायचा. आजच्यासारखे कॅमेरे नव्हते, डीएनए चाचणी तर दूरच. दोन प्रदेशांतल्या एकाच जातीच्या पक्ष्यांमध्ये फरक आहे का, हे पंखांची आणि चोचीची लांबी मोजून, रंग शेजारी ठेवून ठरायचं. त्यासाठी कातडं हवं, तेही न फाटलेलं. खरी गोम इथेच आहे.

बंदुकीचं काडतूस म्हणजे एक नळकांडं. तळाशी टोपी, तिच्यावर दारू, मग डाट, मग छर्रे आणि वरून झाकण. घोडा पडला की टोपी पेटते, टोपी दारू पेटवते आणि तयार झालेला वायू डाट ढकलत छर्रे बाहेर फेकतो. बारा बोर हे नावही यातूनच आलं. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी.

दुकानातलं तयार काडतूस बदक किंवा तितराच्या बेताने भरलेलं असायचं. ते मुठीएवढ्या पक्ष्यावर झाडलं तर हातात फक्त पिसं येणार. म्हणून संग्राहक बारीक बोरच्या बंदुका घ्यायचे आणि त्यात धुळीसारखे छर्रे, दारूही बेताची. असा हलका बार बाजारात सहज मिळत नसे, त्यामुळे त्या काळात अनेक जण काडतुसं स्वतः भरायचे. त्यासाठी पितळी काडतूस सोयीचं. कागदी काडतूस पावसाळी हवेत फुगून नळीत अडकायचं. पितळी काडतुसाची जळकी टोपी काढायची, ते धुऊन पुसायचं आणि नवी टोपी बसवून पुन्हा भरायचं. तोंड चिरत नाही तोवर ते चालायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात माणसं जायबंदी झाली आहेत. काळी दारू आणि बिनधुराची दारू यांची ताकद फार वेगळी असते. काळ्या दारूच्या मापाने दुसरी भरली तर नळीच फुटते. (आज तर परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हाच आहे, तेव्हा व्हिडिओ बघून प्रयोग नकोत.)

पक्षी पडल्यावर खरं काम सुरू व्हायचं. मापं घ्यायची, पोटात काय सापडलं ते लिहायचं, कातडं सोलायचं, त्याला सोमल लावायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी. ही चिठ्ठी हरवली तर त्या मेलेल्या पक्ष्याची किंमत शून्य.

आता याच्या शेजारी दुसरी बंदूक ठेवून बघा. 12 नोव्हेंबर 1938, म्हणजे योगायोगाने सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात 4,273 पक्षी पाडले. कुणाच्याही पायाला चिठ्ठी नाही. भरतपूरचं हेच पाणथळ रान स्वातंत्र्यानंतर वाचावं म्हणून सलीम अलींनी आपलं सगळं वजन वापरलं.

म्हणून त्यांना दोषमुक्त करून टाका असं नाही. शिकारीची आवड त्यांनी कधी लपवली नाही. शास्त्रासाठी नमुने गोळा करणं आवश्यक होतं, हे मतही शेवटपर्यंत कायम ठेवलं. पण त्यांचा जीव कातड्यांपेक्षा जिवंत पक्ष्यांत जास्त रमायचा. नोकरी गेल्यावर अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले, तेव्हा त्यांनी महिनोन्महिने सुगरणीची वसाहत पाहिली. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी तिथे टिपलं. ते काम बंदुकीने होण्यासारखं नव्हतंच.

1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि साध्या वाचकालाही पक्षी ओळखता येऊ लागले. 1960 च्या दशकात बीएनएचएसने स्थलांतरावर मोठं काम केलं. त्यात सलीम अलींच्या हाताखालची पोरं बारीक जाळ्यांत पक्षी पकडायची, पायात क्रमांकाचं कडं अडकवायची आणि सोडून द्यायची. पायाला चिठ्ठी तीच, फक्त पक्षी उडून जायचा. त्यातली काही कडी पुढे सोव्हिएत रशियातून परत कळवली गेली.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर नमुन्यासाठी पक्षी मारायलाही सरकारी परवानगी लागते. 20 जून 1987 रोजी मुंबईत सलीम अली गेले, तेव्हा ते 90 वर्षांचे होते. जुनी कातडी बीएनएचएसच्या मुंबईतल्या कपाटांत अजून जपून ठेवलेली आहेत. कुठला पक्षी कुठल्या रानातून कधी नाहीसा झाला हे शोधायचं असलं की अभ्यासक तिथे जातात आणि आधी पायाची चिठ्ठी वाचतात.