अंजलीचा साधक : फादर अमलोरपवदास

आपल्या अनेक कॅथलिक मंदिरांत आज धर्मगुरू वेदीपुढे हात जोडून लवतात. शांतीचे अभिवादन करताना शेजारी शेजाऱ्याला नमस्कार करतो. सणावारी मेणबत्तीच्या जागी समई उजळते आणि फुले, धूप व दीप यांनी आरती होते. तरुण पिढीला हे सारे पूर्वापार चालत आल्यासारखे वाटते. वस्तुतः १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पवित्र मिस्सा लॅटिन भाषेत होत असे आणि उपासनेतील प्रत्येक हालचाल युरोपातून आलेली होती. हा पालट घडवून आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फादर डी. एस. अमलोरपवदास यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १५ जून १९३२ रोजी तामिळनाडूच्या दक्षिण अर्काट जिल्ह्यातील कल्लेरी या खेड्यात झाला. त्यांच्या नावाचा अर्थ निष्कलंक गर्भसंभवाचा दास असा आहे. घर श्रद्धाळू होते. थोरले बंधू लुर्दुसामी हे पुढे बंगळूरचे आर्चबिशप व नंतर कार्डिनल झाले. धाकट्या भावाची गुरुदीक्षा १९५९ साली पाँडिचेरी-कडलूर महाधर्मप्रांतासाठी झाली. पुढे उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. हा काळ मोठा भाग्याचा होता, कारण १९६२ ते १९६५ या वर्षांत रोममध्ये दुसरी व्हॅटिकन महासभा भरली होती. लोकांनी आपापल्या भाषेत प्रार्थना करावी, आपापल्या संस्कृतीतील सात्त्विक ते ख्रिस्तचरणी अर्पावे, ही दिशा त्या महासभेने दाखविली. भारतातील ख्रिस्तसभेचे भवितव्य काय, हाच अमलोरपवदास यांच्या फ्रेंच भाषेतील प्रबंधाचा विषय होता.

भारतीय बिशपांनी १९६७ साली बंगळूर येथे बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारले व त्याची धुरा या पस्तिशीतील धर्मगुरूवर सोपविली. सुमारे पंधरा वर्षे ते त्याचे संचालक होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक तेथे शिबिरांसाठी येत. जमिनीवर बसून शास्त्रवाचन करीत, मौन पाळीत आणि आपल्या गावी नवी दृष्टी घेऊन परतत. केंद्राचे प्रार्थनामंदिर भारतीय शैलीत बांधले गेले. पुण्यात जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांचा त्याच्या कलाकामात वाटा होता.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बाबींना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून लवणे, पंचांग प्रणाम, चुंबनाऐवजी वस्तूला हात लावून तो कपाळाशी नेणे, अंगवस्त्रासह साधा झगा, वेदीवर थाळी, तेलाचा दिवा, आरती अशा त्या बाबी होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात बंगळूरच्या धर्माराम महाविद्यालयात भारतातील ख्रिस्तसभेविषयी अखिल भारतीय परिसंवाद भरला. त्याच्या आयोजनातही त्यांचा मोठा हात होता.

या सर्व खटाटोपामागे त्यांची एक साधी धारणा होती. घरात आलेल्या वडीलधाऱ्यांना आपण ज्या रीतीने मान देतो, त्याच रीतीने देवालाही द्यावा. सोमवार ते शनिवार एक शरीर आणि रविवारी दुसरे, अशी फाळणी श्रद्धेला मानवत नाही. जी श्रद्धा स्वयंपाकघरात, शेतात, कचेरीत उतरत नाही, ती मंदिरातही पाहुणीच राहते. म्हणून हात जोडणे हा त्यांच्या दृष्टीने केवळ उपचार नव्हता. दोन तळवे एकत्र येतात तसे प्रार्थना आणि प्रपंच एकत्र यावेत, हा त्यांचा ध्यास होता.

मार्ग निष्कंटक नव्हता. आपल्याला पुन्हा हिंदू करण्याचा हा डाव आहे, असा आरोप अनेक कॅथलिक बांधवांनी केला. १९७४ साली केंद्रात इतर धर्मांच्या ग्रंथांविषयी चर्चासत्र झाले, तेव्हा वाद अधिकच पेटला. १९७५ साली रोमहून आलेल्या पत्राने मिस्सामध्ये अशा ग्रंथांचे वाचन थांबविण्यास सांगितले. नव्याने रचलेल्या भारतीय महाप्रार्थनेलाही मनाई झाली. बारा बाबी मात्र कायम राहिल्या. विशेष असे की, आदल्याच वर्षी सुवार्ताप्रसारावर भरलेल्या बिशपांच्या जागतिक सभेत त्यांनी विशेष सचिव म्हणून सेवा केली होती. रोमचा विश्वास आणि रोमचा अंकुश हे दोन्ही त्यांच्या वाट्याला आले, आणि आज्ञापालन न सोडता ते काम करीत राहिले.

त्याहून खोल असा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. १९८१ साली बंगळूरमधील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात महाराष्ट्राचे सुपुत्र अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली. तीच पुढे दलित ईश्वरविद्या म्हणून विकसित झाली. भारतीय म्हणून जे चिंतन पुढे येते, ते बहुधा ब्राह्मणी परंपरेचे असते, ही त्यांची टीका होती. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. त्यांच्या लेकरांना आरती आणि संस्कृत मंत्र आपल्या घरचे कसे वाटावेत? नगर-जालना भागातील आपल्या पूर्वजांची भक्ती एकतारी, डफ आणि भजनातून वाहिली. ती संस्कृती नव्हे काय?

अमलोरपवदास यांच्या कार्याचे मोल करताना हा प्रश्न बाजूस सारता येणार नाही, आणि गरिबांच्या दुःखाला ते पारखे होते असे म्हणणेही न्याय्य ठरणार नाही. त्याच १९८१ साली त्यांच्या केंद्राने नव्या समाजासाठीच्या संघर्षात ख्रिस्तसभेचे स्थान काय, याच विषयावर संशोधन-परिसंवाद घेतला. तरीही त्यांनी निवडलेली चिन्हे बव्हंशी देवघर आणि मठ यांतून आली, चावडी आणि वस्ती यांतून कमी, हे मान्य करावे लागते. बायबल भाषांतराचे काम करणाऱ्याला हा पेच रोज भेटतो. शब्द भारदस्त हवा की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडचा? पंडिता रमाबाईंनी आपले भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून साध्या मराठीचा आग्रह धरला. अमलोरपवदास यांनी सुरू केलेली वाट पुढे न्यायची तर ती त्या बाईच्या अंगणातून न्यावी लागेल.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते म्हैसूरला गेले. म्हैसूर विद्यापीठाने ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाची सोय केली, तेव्हा त्या विभागाचे पहिले प्राध्यापक व प्रमुख तेच झाले. शासकीय विद्यापीठाच्या आवारात धर्मगुरूने ख्रिस्ताविषयी शिकवावे, ही गोष्ट तेव्हा अपूर्व होती. वेदीवरून बोलताना श्रोत्यांची श्रद्धा गृहीत धरता येते. विद्यापीठात ती धरता येत नाही. तेथे प्रत्येक शब्द दुसऱ्याला उमगेल असा उलगडावा लागतो, आणि उलगडताना आपली स्वतःची श्रद्धाही तपासली जाते.

चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी १९७९ साली अंजली आश्रम स्थापन केला. सर्व धर्मांच्या माणसांना तेथे मुक्तद्वार होते. साधे शाकाहारी जेवण, मौन, ध्यान, शास्त्रपठण असा तेथील दिनक्रम. विखुरलेल्या जीवनाची एकात्मता आणि अंतर्मुखता हे त्यांच्या शिकवणीचे शेवटच्या वर्षांतील सूत्र होते. अनेक परिषदा गाजविलेला हा कर्तबगार संघटक अखेरीस लोकांना शांत बसायला शिकवीत होता.

२५ मे १९९० रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अठ्ठावन्नावा वाढदिवस अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता.

पुढील रविवारी शांतीचे अभिवादन करताना आपण हात जोडू, तेव्हा एवढे आठवावे. हे हात शेजाऱ्यापुढे जोडले जातात ते त्याच्यात वसणाऱ्या प्रभूला ओळखून. तो शेजारी कोणत्या वस्तीतून आला, त्याची जात कोणती, हे मनात येत असेल तर तळवे जुळले तरी अंजली जुळलेली नसते. आणि सोमवारी सकाळी तोच शेजारी रस्त्यात भेटला असता आपले हात सहज जोडले गेले, तर फादर अमलोरपवदास यांचे कार्य आपल्यापुरते तरी सिद्धीस गेले असे समजावे.