परलोकाचा हिशेब न मांडता : धर्मानंद कोसंबी

मेल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला प्रत्येक धर्माने आपापले उत्तर दिले आहे. त्या उत्तरावर आजचे जगणे किती अवलंबून ठेवायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक माणसाला स्वतःच सोडवावा लागतो. कोणी परलोकातील सुखासाठी दानधर्म करतो, कोणी नरकाच्या भयाने पाप टाळतो, तर कोणी पुढच्या जन्मावर भरवसा ठेवून या जन्मातील अन्याय निमूटपणे सोसतो. गोमंतकाचे सुपुत्र धर्मानंद दामोदर कोसंबी यांनी हा प्रश्न ग्रंथांत अभ्यासला आणि स्वतःच्या आयुष्यात कसाला लावला.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती आणि खेड्यातील मुलाला मराठी शिक्षणाची सोय जेमतेम होती. प्रकृतीही नाजूक असल्याने धर्मानंदांचे शालेय शिक्षण थोडक्यात आटोपले. नारळीच्या बागांची देखरेख आणि घरचा व्यवहार पाहण्यात तरुणपण जाऊ लागले. संसारही लवकर गळ्यात पडला. मन मात्र त्यात रमत नव्हते. तुकोबांच्या गाथेने त्यांना धीर दिला आणि 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्राने जीवनाची दिशा दाखवली. बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घ्यायचा, हा ध्यास त्यांनी घेतला. वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती.

पुणे, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोहोचले. परलोकावरील श्रद्धेने माणसाचा इहलोक कसा घडतो, हे पाहण्यास काशीसारखे दुसरे ठिकाण नाही. येथे देह ठेवला तर मोक्ष मिळतो, या विश्वासाने वृद्ध माणसे दूरदूरच्या प्रांतांतून येऊन गंगेकाठी राहत. त्याच विश्वासातून राजेरजवाड्यांनी आणि सरदारांनी घाट बांधले, मंदिरे उभारली, अन्नछत्रे चालवली. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांच्या दानाची साक्ष काशीत आजही पाहावयास मिळते. खिशात दमडी नसलेल्या धर्मानंदांचे संस्कृत अध्ययन अशाच अन्नछत्रांतील जेवणावर पार पडले. ज्यांनी ही छत्रे घातली त्यांच्या मनात पुढच्या लोकातील पुण्य असेल. परंतु त्या पुण्याचे प्रत्यक्ष फळ एका भुकेल्या विद्यार्थ्याच्या पानात पडले. याच श्रद्धेला दुसरी बाजूही होती. छत्राचे दार जात पाहून उघडत असे. ज्याला सर्वांत अधिक भूक, तो बहुधा बाहेरच राही.

१९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीकडे तरी त्याचा उपदेश जिवंत असेल, ही आशा तेथे फोल ठरली. तेथून ते बुद्धगयेस आले. जवळच्या गयेत पितरांना सद्गती मिळावी म्हणून पिंडदान करणाऱ्यांची रीघ लागलेली असते, आणि काही कोसांवर, जेथे बुद्धाला बोध झाला, तेथील उपदेश समजावून सांगणारा माणूस मिळणे कठीण होते. अखेर कलकत्तामार्गे ते सिंहलद्वीपास गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले. तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन आणि ध्यानाभ्यास केला.

पाली ग्रंथांत त्यांना परलोकाविषयी एक निराळीच दृष्टी आढळली. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने, मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो, हे कळल्याखेरीज साधना करणार नाही, असा हट्ट धरला होता. बुद्धाने त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण मारणाऱ्याचे नाव, गाव, जात समजेपर्यंत तो काढू न देणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरून जाईल. दुःख समोर आहे, ते दूर करणे हे आजचे काम आहे, असा त्याचा आशय. केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश तर याहून स्पष्ट आहे. वैर आणि द्वेष सोडलेल्या माणसाला परलोक असेल तर तेथे सद्गती मिळेल. नसेल तर याच जन्मी तो सुखाने राहील. परलोकाविषयीचा निर्णय कोणताही लागो, सदाचरणाचे कारण त्यामुळे ढळत नाही. पुनर्जन्माची कल्पना पाली वाङ्मयात सर्वत्र आहे, हे कोसंबी जाणून होते. तरीही बुद्धाच्या उपदेशाचे मर्म त्यांनी या जगातील दुःखनिवारणात पाहिले. गृहत्यागाच्या कथेतील चमत्कार बाजूला सारून, शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि शस्त्राविषयीचा उबग हे त्यामागील कारण त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात पुढे मांडले.

ही दृष्टी त्यांच्या वागण्यातही उतरत गेली. केवळ स्वतःच्या मुक्तीसाठी विहारात बसून राहणे त्यांना पटले नाही. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले, भिक्षूची वस्त्रे उतरवली आणि सुमारे सात वर्षांनी कुटुंबाची पुन्हा भेट घेतली. पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून कीर्ती मिळवलेले त्यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म १९०७ चा. धर्मशोधाच्या त्या सात वर्षांची किंमत बाळाबाईंनी मोजली होती, हे या चरित्रातून वगळता येत नाही. निर्वाणाच्या शोधात निघालेल्या पुरुषाचे कौतुक होते. मागे राहिलेल्या स्त्रीच्या वाट्याला येणारे दुःखही याच लोकातले असते.

जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचावे, या इच्छेने त्यांनी कलकत्त्यातील स्थिर जागा सोडली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली. महाराष्ट्रात राहून अध्ययन आणि ग्रंथलेखन करावे, ही अपेक्षा होती. बडोद्यातील त्यांची व्याख्याने पुढे 'बुद्ध, धर्म आणि संघ' या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. बौद्ध तत्त्वज्ञानाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी ते चार वेळा अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९२९ मध्ये त्यांनी रशियात लेनिनग्राड येथेही अध्यापन केले.

देशासमोरील दुःखाकडे पाठ फिरवून विद्वत्तेत रमणे त्यांना जमले नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गोव्याच्या सीमेलगत शिरोडे येथे ते उतरले आणि त्यांनी कारावासही सोसला. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागातील कामगारवस्तीत त्यांनी 'बहुजनविहार' उभारला. ज्यांच्यासाठी काशीच्या छत्राचे दार बंद होते, अशा श्रमिकांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तेथे प्रवेश होता. या जन्मीचे दैन्य मागील जन्मीच्या कर्माचे फळ मानून गप्प बसावे, ही शिकवण त्या काळी किती खोल रुजली होती हे लक्षात घेतले, म्हणजे या लहानशा विहाराचे मोल कळते.

उतारवयात त्यांचा देह व्याधींनी जर्जर झाला. आपल्या हातून आता काही काम होत नाही आणि इतरांवर मात्र भार पडतो, असे वाटून १९४६ मध्ये त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचा निश्चय केला. गांधीजींच्या आग्रहाने तेव्हा त्यांनी उपवास सोडला. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी तो पुन्हा आरंभला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. या निर्णयाविषयी मतभेद तेव्हाही होते, आजही असू शकतात. आजारी माणसाचे जगणे त्याच्या उपयोगावर मोजावे का, हा प्रश्न त्यांच्या अखेरीने सुटत नाही. स्वतः गांधीजींनीही त्यांना आधी परावृत्तच केले होते.

त्या शेवटच्या दिवसांत त्यांनी परलोकासाठी काही मागितले नाही. आपल्या देहाची विल्हेवाट कमीत कमी खर्चात लावावी, एवढी त्यांची इच्छा होती. आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी सिंहलद्वीपास जाऊन पाली शिकावी, ही दुसरी. निधनानंतर गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत, गाजावाजा न करता काम करणारा माणूस म्हणून त्यांचे स्मरण केले आणि पालीच्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून खटपट केली. पिंडदानावर खर्च झाला असता तो पैसा एखाद्या तरुणाच्या शिक्षणाकडे वळावा, यात त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराशी विसंगत असे काहीच नव्हते. काशीत दुसऱ्यांच्या पुण्यावर जेवून जो शिकला, त्याने आपले ऋण असे पुढच्या विद्यार्थ्याला देऊन फेडले.