पेटन राउस आणि कोंबडीचे कोडे

पेटन राउस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झाला. वडील लवकर वारले; परंतु मुलांच्या शिक्षणासाठी मातेने माहेरी टेक्ससला न परतता तेथेच राहणे पत्करले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यक शिकत असता शवविच्छेदनाच्या वेळी राउस यांच्या बोटास जखम झाली आणि क्षयाने त्यांना गाठले. काखेतील गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली. सुमारे वर्षभर अभ्यास सोडून टेक्ससच्या कुरणांवर गुरे राखावी लागली. १९०५ साली ते डॉक्टर झाले खरे, पण रोग्यांपेक्षा रोगच त्यांना अधिक ओढीत होता.

१९०९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आले. तेथे त्यांच्याकडे छातीवर मोठी गाठ असलेली, प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. त्या गाठीचा तुकडा त्यांनी तिच्याच कुळातील कोंबडीत रोवला. तिलाही गाठ झाली. मग त्यांनी गाठ वाटून तिचा रस अशा सूक्ष्म गाळणीतून गाळला, की तीतून पेशी वा जंतू पार जाऊ नयेत. तो निवळ रस टोचलेल्या कोंबड्यांनाही अर्बुद झाले! म्हणजे कर्करोगाचे बीज पेशीहून कितीतरी लहान, विषाणुरूप होते. १९११ साली हे प्रसिद्ध होताच विद्वानांनी नाके मुरडली. कर्करोग का कोठे संसर्गाने होतो? आणि कोंबडीचे माणसाला कसे लागू पडावे? उंदरांत तसे काही आढळेना, तेव्हा १९१५ च्या सुमारास राउस यांनीही हा विषय बाजूस ठेवला.

हात बांधून मात्र ते बसले नाहीत. साखर व सायट्रेट मिसळून रक्त बरेच दिवस टिकविण्याची रीत त्यांनी टर्नर यांच्यासह शोधली. १९१७ साली रणांगणावर पहिली रक्तपेढी उभी राहिली ती तिच्याच आधारे. १९३३ साली शोप यांना सशांत विषाणुजन्य गाठी आढळल्या आणि राउस जुन्या विषयाकडे परतले. १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. (जावई हॉजकिन यांना ते तीन वर्षे आधीच मिळाले होते!)

१६ फेब्रुवारी १९७० रोजी ते निवर्तले. कोडे सुटले ते त्यानंतर. १९७६ साली बिशप, व्हार्मस व सहकाऱ्यांनी दाखविले, की विषाणूतील ‘सार्क’ हे घातक जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतून उचललेले आहे. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बदल होऊन कर्करोग उद्भवतो, हे मत राउस यांना कधीच पटले नव्हते. त्यांच्याच कोंबडीने त्याला पुष्टी द्यावी, ही मौजच म्हणायची. १९७८ साली एरिक्सन यांच्या प्रयोगशाळेत कळले, की हे जनुक एक विकर, म्हणजेच एन्झाइम, घडविते. इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणे हे त्याचे काम. फॉस्फेट जोडले गेले की प्रथिनाचे वर्तन पालटते, काढून घेतले की पूर्ववत होते. निरोगी पेशीत हे विकर बहुधा निद्रिस्त असते व गरजेपुरते जागे होते. विषाणूतील विकराचा लगामच तुटलेला असल्याने पेशीला वाढीची आज्ञा अखंड मिळत राहते. याच जातीच्या दुसऱ्या एका विकरास रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ पासून एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते.