ससून आणि शाळा सोडल्याचा दाखला



घरात कोणाचे दुखणे वाढले आणि पैशाची तजवीज होईना, की आपली माणसे पुण्याची गाडी पकडतात आणि ससूनला जातात. आजोबा ससूनला होते, बाळंतपण ससूनला झाले, असे आपण सहज बोलतो. पण ससून हे एका माणसाचे नाव आहे, हे कित्येकांच्या लक्षातही नसते. या रविवारी त्या माणसाची, डेव्हिड ससून यांची, थोडी ओळख करून घेऊ.

निमित्त मात्र रुग्णालयाचे नाही. जून महिना दाखल्यांचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पालक कॉलेजच्या रांगेत उभे राहतात. त्या रांगेत काही मुले नसतात. ती सुधारगृहातून नुकतीच घरी आलेली असतात. अशा जागेला आपण अजून रिमांड होमच म्हणतो. मुलगा सुटला याचा आईला आनंद असतो, पण पुढे त्याने कोणते शिक्षण दाखवायचे आणि कोणता कागद पुढे करायचा, हे तिला कोणी सांगत नाही. अशा मुलांसाठी मुंबईत ज्यांनी फार लवकर पैसा आणि डोके खर्च केले, त्यांत डेव्हिड ससून होते.

ते जन्माने बगदादचे, धर्माने ज्यू. जन्म १७९२ चा. वडील सालेह ससून हे तेथील वालीचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख. पुढे दाऊद पाशाच्या कारभारात धनिक ज्यू कुटुंबांकडून पैसा उकळणे सुरू झाले. तेव्हा डेव्हिड यांनाही पकडले होते, वडिलांनी खंडणी भरून त्यांना सोडवले आणि नंतर बापलेकांनी शहर सोडले, असे चरित्रकार सांगतात. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून ते निघाले, अशीही कथा आहे. ती आम्ही दंतकथा म्हणूनच घेतो. कोठडीची कथा खरी असेल, तर कोठडी आतून कशी दिसते हे या माणसाला ठाऊक होते. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे १८३० मध्ये वडील वारले. १८३२ च्या सुमारास डेव्हिड बायकामुलांसह मुंबईत आले, तेव्हा ते चाळिशीला पोहोचले होते.

मुंबईत त्यांना ना इथली भाषा येत होती ना इंग्रजी. पुढे १८५३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तेव्हा इंग्रजी लिहिता येत नसल्याने सही हिब्रूत केली म्हणतात. पोशाख शेवटपर्यंत बगदादी. तरी वीस वर्षांत ते शहरातील पहिल्या फळीतले व्यापारी झाले. सूत, कापड, नीळ, घोडे आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अफू.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्यापायी चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. त्या व्यापारासाठी इंग्रजांनी चीनशी दोन युद्धे केली, पहिले १८३९ ते ४२ आणि दुसरे १८५६ ते ६०. ससून यांनी तो व्यापार कायद्यात राहून केला. त्या काळच्या मुंबईतील इतर मोठे दातेही त्यात होते. म्हणून तो चांगला ठरत नाही. हेतू चांगला असला म्हणून वाईट कृती चांगली होत नाही, हे संत थॉमस ॲक्वायनस यांनी शिकवले आहे आणि सेमिनरीत आम्ही ते घोकले आहे. दानशूर माणसाचे चरित्र लिहिताना हे पान गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हाला ती मान्य नाही. पण याच पैशातून जे उभे राहिले, तेही गाळता येणार नाही.

पुण्याचे रुग्णालय त्यांच्या देणगीतून झाले. ते १८६७ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ चे. पुण्याच्या कँपातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांनी बांधायला घेतले. लाल विटांचा उंच मनोरा असल्याने त्याला लोक लाल देऊळ म्हणतात. पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही त्याच्यासमोरून कितीदा सायकलने गेलो, पण ते कोणाचे याची चौकशी कधी केली नाही.

आता मुलांकडे वळू. १८५० च्या दशकातली मुंबई झपाट्याने वाढत होती. १८५३ मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ गिरण्या आल्या. गावाकडून आलेली, आईबाप गमावलेली मुले बंदरावर आणि बाजारात फिरत. भाकरी चोरली, पाकीट मारले, गोदीतून लोखंडाचा तुकडा उचलला की पोलीस पकडत. शिक्षा झाली की मुलगा थोरांच्या तुरुंगात. तेथून तो काय शिकून बाहेर पडे, ते सांगायला नको.

१८५० मध्ये सरकारने शिकाऊ उमेदवारांचा एक कायदा केला, त्या वर्षीचा १९ वा. त्यानुसार दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला करार करून कारागिराकडे धंदा शिकायला ठेवता येई. कराराची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मुलाच्या बाबतीत पालक म्हणून सही करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला होता. त्याच साली ‘बॉम्बे टाइम्स’ या वृत्तपत्राचे संपादक डॉ. जॉर्ज ब्यूस्ट यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उद्योगशाळा काढली. कायदा होता, शाळा होती, पण ती टिकायला पैसा हवा होता. तो डेव्हिड ससून यांनी दिला. १८५७ पासून ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पोलिसांनी पकडलेल्या बालगुन्हेगारांची सुधारणा आणि कष्टकरी वर्गात उमेदवारीने धंदा शिकण्याची पद्धत रुजवणे, असा तिचा दुहेरी उद्देश होता.

या दुसऱ्या उद्देशात आम्हाला ससून यांचा व्यापारी स्वभाव दिसतो. आपल्या पेढीसाठी ते बगदादहून गरीब घरची ज्यू मुले आणत, त्यांना आपल्या शाळेत लिहायला, हिशेब करायला शिकवत आणि मग आपल्याच शाखांमध्ये कामाला लावत. शिक्षण संपले आणि पुढे काय, हा प्रश्न त्या मुलांपुढे कधी उभा राहत नसे. व्यापाऱ्याला हुंडी कळते. हुंडीचा कागद दोन पैशांचा. तिची किंमत तिच्यावर कोणाची सही आहे आणि ती बाजारात कोण स्वीकारतो यावर ठरते. चोर म्हणून पकडलेल्या मुलाला रंधा चालवता येतो, पण त्याला दुकानात कोण उभे करणार? त्याच्यासाठी कोणीतरी नाव खर्ची घालावे लागते.

याच सुमारास दूर इटलीत आपले संत जॉन बॉस्को तेच करत होते. त्यांच्या सणाला दर ३१ जानेवारीला आपण त्यांच्या स्वप्नांच्या आणि चमत्कारांच्या गोष्टी मुलांना सांगतो. त्यांच्या करारपत्रांविषयी मात्र कोणी बोलत नाही. तरुण धर्मगुरू असताना फादर कफासो त्यांना तुरिन शहरातील तुरुंगात नेत. सुटलेली मुले पुन्हा तेथेच परत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी रात्रीची शाळा काढली आणि मुलांना कारागिरांकडे लेखी कराराने ठेवायला सुरुवात केली. १८५२ च्या फेब्रुवारीतला असा एक करार आजही जपून ठेवलेला आहे. सुताराने मुलाला धंदा शिकवायचा, धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत, चूक झाली तर तोंडाने समजवायचे, हात उगारायचा नाही, रविवारी आणि सणाला सुट्टी द्यायची. खाली डॉन बॉस्कोंची स्वतःची सही. तो धर्मगुरू आणि हा ज्यू व्यापारी एकमेकांना ओळखत नव्हते. तरी दोघांनी अडचण एकाच जागी ओळखली होती.

ससून यांच्या संस्थेत सारे आलबेल होते असे मात्र समजू नये. तेथे आलेली मुले स्वखुशीने आलेली नव्हती, दार बंद असे, शिस्त कडक असे. पुढे १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी तर मुलाला सात वर्षांपर्यंत ठेवण्याची तरतूद केली. एका भाकरीसाठी सात वर्षे, हा हिशेब कोणत्याही बापाला पटणार नाही. १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला आणि मुलांचा विचार मोठ्यांपासून वेगळा होऊ लागला. ससून यांची शाळा आज माहीमला डेव्हिड ससून औद्योगिक शाळा म्हणून आहे आणि १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीकडे ती आहे.

डेव्हिड ससून यांनी यातले पुढचे काही पाहिले नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते पुण्यात वारले. लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे.

त्यांच्या काळात उमेदवारीचा करार एवढाच कागद पुरे होता. आज तसे नाही. आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी पास लागते, थोड्या व्यवसायांना दहावी नापास चालतो. कारखान्यात, पोलीस भरतीत, बँकेच्या कर्जात, सगळीकडे दहावीचे प्रमाणपत्र आधी मागतात. सुधारगृहातून आलेल्या मुलाने तेथे सुतारकाम किंवा शिवण शिकलेले असते, पण मधली दोन वर्षे त्याचे नाव शाळेच्या पटावर नसते. परत त्याच शाळेत, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या बाकावर बसायला तो तयार होत नाही. मुख्याध्यापकांनाही संकोच वाटतो. बहुतेक वेळा गोष्ट येथेच संपते आणि मुलगा वीटभट्टीवर किंवा जुन्या सोबत्यांकडे जातो.

म्हणून दोन-तीन गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. दहावीसाठी शाळेत रोज बसणे सक्तीचे नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीही आहे, तिचे विषय मुलाला निवडता येतात. या दोन्हींच्या प्रमाणपत्राला पुढील शिक्षणासाठी मान्यता आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार अशा मुलाला त्याच्या जुन्या प्रकरणामुळे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद सोळा वर्षांवरील मुलावर गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर. त्याचे नाव किंवा ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत देण्याचीही तरतूद त्याच अधिनियमात आहे, मात्र त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कोणीतरी अर्ज घेऊन जावे लागते. मंडळाकडे १७ नंबरच्या फॉर्मची मुदत दरवर्षी परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. घरी आलेल्या मुलाच्या बाबतीत तीच तारीख हमखास चुकते, आणि मग आणखी एक वर्ष.

आपल्या धर्मग्रामात शिक्षक आहेत, निवृत्त शिक्षकही बरेच आहेत. वेल्डिंगची दुकाने, गॅरेज आणि फर्निचरची कामे करणारी कुटुंबे आहेत. कोणाच्या घरात, भावकीत किंवा शेजारी असा मुलगा असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर घरच्यांनी संकोच न करता मिस्सेनंतर फादरांच्या घरी येऊन भेटावे. नाव कोठेही लिहिले जाणार नाही. आणि ज्यांना आपल्या दुकानात एक मुलगा लेखी अटींवर ठेवून घ्यायची तयारी आहे, त्यांनीही भेटावे. करारावर मुलाच्या वतीने आम्ही सही करू.